किट कार : घरी जोडायची गाडी

लग्नसराईत जुन्या ढंगाची, लांब बॉनेटची गाडी वरातीत पाहिली असेल. रूप जुनं, इंजिन अलीकडचं. अशा गाडीचे सुटे भाग घेऊन घरीच जोडले, की झाली किट कार.

इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन अशीही मिळायची. तयार गाडीवर खरेदीकर, सुट्या भागांवर नाही. अट एकच : जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग म्हणे गाडी खोलायच्या सूचना द्यायचे; घेणारा त्या उलट वाचायचा! अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने त्याच घाटाची रोडस्टर बनवली. बॉडी फायबरची, इंजिन ॲम्बेसेडरमध्ये यायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं.

पोरगं भंगारातून गाडी करतो म्हणालं तर अडवू नका. पण रस्त्याचं आधीच सांगा. देवराष्ट्रे (जि. सांगली) इथल्या दत्तात्रय लोहारांनी किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं. नियमात बसत नाही म्हणून ती आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो दिली. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचणीशिवाय नवं मॉडेल नोंदत नाहीत. नोंदणी नाही तर विमा नाही, अपघाताची भरपाई घरच्यांच्या डोक्यावर. तेव्हा गाडी आपल्या आवारातच.

वर्गात सायकलचं चाक खोलायच्या पायऱ्या एका गटाला लिहायला लावा. दुसऱ्या गटाने त्या उलट वाचून चाक बसवायचं.