विनोद कळायला खूण का लागते?

वाक्याचा अर्थ शब्दांत असतो की बोलणाऱ्याच्या मनात, या प्रश्नाचा विचार करताना आपण नेहमी जुन्या ग्रंथांकडे वळतो. आज जरा वेगळ्या ठिकाणी जाऊ. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ, तिथला संगणकशास्त्र विभाग, साल १९८२.

या विभागात संगणकावर चालणारे सामाईक सूचनाफलक होते. व्याख्यानाची सूचना, हरवलं-सापडलं, पार्किंगची कुरकुर, राजकारणावरचे वाद, सगळं तिथेच. विशेष म्हणजे प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी तिथे बरोबरीच्या नात्याने लिहीत. थट्टामस्करीही भरपूर चाले.

सप्टेंबरात कोणीतरी एक कोडं टाकलं. लिफ्टच्या भिंतीवर जळती मेणबत्ती आहे, जमिनीवर पाऱ्याचा थेंब आहे आणि लिफ्टचा दोर तुटला. मेणबत्तीचं आणि पाऱ्याचं काय होईल? प्रश्न भौतिकशास्त्राचा. पण त्यावर एकाने गमतीने सावधगिरीची सूचना लिहिली: प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, थोडी आगही लागली होती. ज्यांनी आधीचं कोडं वाचलं होतं ते हसले. ज्यांनी नव्हतं वाचलं, त्यांच्यातल्या काहींना ते खरंच वाटलं. आणि का वाटू नये? पारा विषारी असतो. सूचनाफलकावरची सूचना खरी मानणं हा काही मूर्खपणा नव्हे.

मग चर्चा सुरू झाली की विनोदाला काहीतरी खूण हवी. कोणी तारांकन सुचवलं, कोणी टक्क्याचं चिन्ह. १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हं ओळीने मांडली आणि मान तिरकी करून वाचा म्हणून सांगितलं. हसरा चेहरा! पुढे त्यांनी मिश्कीलपणे जोडलं की इथला एकूण रंग पाहता जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं स्वस्त पडेल. आणि त्यासाठी रडका चेहरा दिला. हा मूळ मजकूर वीस वर्षांनी, २००२ साली, जुन्या टेपांवरून शोधून काढावा लागला.

आता यातला विचार बघा. आपल्या साहित्यशास्त्रात ‘काकु’ नावाची कल्पना आहे. काकु म्हणजे आवाजातला बदल, ज्याने अर्थ फिरतो. ‘वा, फार लवकर आलात!’ हे वाक्य उशिरा आलेल्या पाहुण्याला म्हटलं की कौतुक उरत नाही. रुद्रटाने काकुवक्रोक्तीला अलंकार मानलं. राजशेखराने हरकत घेतली: काकु हा पाठाचा, म्हणजे म्हणण्याचा धर्म आहे, तो अलंकार कसा? पिट्सबर्गला नेमकी हीच अडचण आली. शब्द पडद्यावर पोचले, म्हणणं मागे राहिलं. फालमन यांची खूण म्हणजे लिहिता येणारी काकु.

पण ती कोणासाठी हवी होती? जवळच्या मित्रांना खूण लागत नाही. ती लागते विभागात काल आलेल्या विद्यार्थ्याला, परभाषेतून आलेल्याला. म्हणजे खूण ही विनोदाची सजावट नव्हती. बाहेरच्या माणसालाही आत धरण्याचा तो करार होता. खूण केली की विनोद मरतो, असं काहींना वाटतं. मरत असेल थोडा. पण फक्त जाणत्यांनाच कळणारा फलक सगळ्यांचा कसा म्हणायचा?

या कराराची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. समजा, मार्गदर्शक विद्यार्थ्याला लिहितात, ‘प्रबंधाचं प्रकरण या जन्मी मिळेल ना?’ आणि पुढे हसरा चेहरा. विद्यार्थी रात्रभर विचार करत बसतो, सर हसतायत की रागावलेत? खूण स्पष्ट आहे, तरी अर्थ डळमळतो. कारण खूण हेतू सांगते, विश्वास निर्माण करत नाही. ‘सर, हे चेष्टेत म्हणालात का?’ असं उलट विचारता येणं, हे कुठल्याही चिन्हापेक्षा जास्त मोलाचं. त्या फलकावर गैरसमज निघाला, त्याची उघड चर्चा झाली आणि तोडगा निघाला, तो तिथे सगळ्यांना बोलायची मोकळीक होती म्हणून.

तेव्हा आपल्या विभागात, कार्यालयात, घरातही एवढं तपासू या: आपलं बोलणं न कळलेला माणूस ते आपल्याला सांगू शकतो का? त्याला ते सांगता येत नसेल, तर कितीही हसरे चेहरे जोडले तरी लिफ्टमधला पारा काही पुसला जाणार नाही.