लुगर पिस्तूल आणि एलिचपूरची पलटण

१९१४ च्या नोव्हेंबरात पूर्व आफ्रिकेतलं टांगा हे जर्मन बंदर घ्यायला मुंबईहून हिंदी फौज गेली, तिच्यात ९८ वी इन्फंट्री होती. या पलटणीचं मूळ वऱ्हाडातल्या अचलपूरचं, म्हणजेच जुन्या एलिचपूरचं. एलिचपूरचे नवाब सलाबतखान यांनी ती १७८८ साली उभी केली. पुढे ती निजामाच्या कंटिंजंट फौजेत गेली आणि १९०३ साली इंग्रजांच्या हिंदी लष्करात आली. तोवर तिच्यातले शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले होते. टांग्यात जर्मन सेनापती लेट्टो-फोरबेकच्या हजारभर सैनिकांनी सुमारे आठ हजारांच्या फौजेला परतवलं. मधमाश्यांचे थवे अंगावर आल्यानं ९८ वी विस्कटली. माघार घेताना इंग्रजांनी शेकडो रायफली, १६ मशीनगन आणि सहा लाख काडतुसं मागे सोडली. त्या रायफली जर्मनांच्या अस्करी, म्हणजे आफ्रिकी, शिपायांच्या हाती गेल्या.

लढाईतून आणलेलं हत्यार म्हटलं, की आपल्याला जिंकणाराच दिसतो. खरं तर ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं, हाच त्याचा इतिहास. जर्मन पिस्तुलांचे चांगले संग्राहक हेच शोधतात, म्हणून मला त्यांचा छंद मोलाचा वाटतो.

त्यांचं सर्वांत लाडकं पिस्तूल लुगर. ह्यूगो बोर्शार्टच्या १८९३ च्या अवजड पिस्तुलावरून गेओर्ग लुगरनं ते घडवलं. स्विस सैन्यानं १९०० साली, जर्मन आरमारानं १९०४ साली आणि भूदलानं १९०८ साली ते स्वीकारलं. म्हणून त्याचं नाव पी ०८. बार होताच नळी मागे सरकते, वरचा सांधा कोपरासारखा दुमडून वर उठतो, रिकामं काडतूस फेकलं जातं आणि आठ गोळ्यांच्या मॅगझीनमधली पुढची गोळी आत येते. या रचनेला सुटे भाग अगदी नेमके बसावे लागत. लहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असत. सगळे आकडे जुळले, तर पिस्तूल मूळ रूपात आहे असं धरतात. पुन्हा पॉलिश केलेलं लुगर कितीही चकचकीत दिसो, जाणकार नाक मुरडतो. एस/४२ किंवा बीवायएफ हे ठसे माउझर कारखान्याचे. लुगर महाग आणि वेळखाऊ होतं, म्हणून १९३८ साली वाल्थरचं पी ३८ आलं. त्यावर एसी म्हणजे वाल्थर, सीवायक्यू म्हणजे श्प्रेवेर्क.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी अशी पिस्तुलं वरिष्ठांच्या सहीच्या दाखल्यासह घरी नेली. तो पिवळा पडलेला कागद सोबत असला, की संग्राहक जास्त पैसे मोजतो. माझ्या मते तो बरोबर करतो. पिस्तूल कारखान्यात हजारोंनी बनलं. कागद एकाच माणसाचा.

आपले मराठे त्याच जर्मनांशी इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी मशीनगनची ठाणी एकट्यानं मोडून काढली. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण घरी परतणाऱ्या हिंदी शिपायाला १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार ठेवायला मनाई होती. अमेरिकनाला मिळाली ती मुभा त्याला नव्हती, आणि ही गोष्ट मला टोचते.

आजचा १९५९ चा कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात. नऊ मिलिमीटर बोअर प्रतिबंधित असल्यानं सामान्य माणसाला लुगर मिळणं कठीण. जुनं, कसंही दुरुस्त केलं तरी न चालणारं हत्यार कायद्याच्या कचाट्यातून सुटतं. पण लुगर शंभरी गाठूनही बार काढू शकतं.

म्हणून वऱ्हाडातल्या एखाद्या वाड्याच्या पेटीत असं काही निघालंच, तर हात न लावता पोलिसांना कळवावं. पंचनाम्यात क्रमांक आणि ठसे नोंदवून घ्यावेत, आणि आजोबांची पलटण, हुद्दा, लढाईचं ठिकाण घरच्यांनी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं.