मुलीला खेड्यात कशी पाठवू?

'नीट'चा निकाल लागला की शाळेत पेढे येतात. पाठोपाठ एखादी अम्मीही येते. "मॅडम, मुलगी डॉक्टर होणार, अल्हम्दुलिल्लाह! पण शिकताना खेड्यात राहावं लागतं म्हणे. कशी पाठवू?"

मी सेवाग्रामचं उदाहरण देते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वर्धा जिल्ह्यात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथं दरवर्षीची तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी त्या गावात मुक्काम करतात, वाट्याला आलेल्या घरांत जाऊन पाणी, आहार, बाळंतपण यांची विचारपूस करतात. पुढेही ते त्या घरी जात राहतात. औषधानं बरा झालेला आजार पुन्हा का उलटतो, हे वॉर्डात कळत नाही. त्या घरच्या चुलीपाशी कळतं.

आपल्या कितीतरी आयाबहिणी पुरुष डॉक्टरला सांगायला संकोचतात आणि दुखणं अंगावर काढतात. लेडी डॉक्टर हवी असं आपणच म्हणतो. मग आपल्याच मुलीला का अडवायचं?

राहण्याची सोय, सोबत, सुरक्षितता यांची चौकशी जरूर करा; तो तुमचा हक्कच आहे. पण चौकशी झाली की तिला दुआ देऊन पाठवा. तिथंही कुणाची तरी अम्मी तिची वाट पाहत असेल.