नाव घड्याळाचे, धान दादाजींचे

वर्धा नदीपलीकडचा राजुरा परिसर हा कापसाचा, कोळशाचा आणि सिमेंटचा. धानाची खरी शेती चंद्रपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत आणि पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत. तरीही राजुऱ्यापासून नागपूरपर्यंतच्या किराणा दुकानांत बारीक तांदूळ घ्यायला आलेले गिऱ्हाईक 'एचएमटी' हे नाव घेऊनच तो मागते. हे नाव एका घड्याळाचे आहे, हे अनेकांना ठाऊक असते. तो तांदूळ याच जिल्ह्यातील एका अल्पभूधारक शेतकऱ्याने शोधून वाढवला, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते.

त्या शेतकऱ्याचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातील नांदेड हे त्यांचे गाव. मराठवाड्यातील नांदेडशी त्याचा संबंध केवळ नावापुरता. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर, पाठीशी ना भांडवल ना कोणाचा वशिला. एवढ्या बळावर त्यांनी धानाची नऊ वाणे तयार केली. २०१० मध्ये 'फोर्ब्स' या नियतकालिकाने ग्रामीण भारतातील सात प्रभावी उद्योजकांची यादी केली, तीत दादाजींचे नाव होते. उद्योजक म्हटले की डोळ्यांसमोर नफा येतो. येथे नफा झाला, पण तो व्यापाऱ्यांना, गिरण्यांना आणि वाण पेरणाऱ्या शेतकऱ्यांना. ज्याने वाण काढले त्याच्या घरची ओढगस्त शेवटपर्यंत संपली नाही. असे का व्हावे, हा प्रश्न एका माणसाच्या दैवापुरता नाही. स्वतःच्या हिकमतीवर काही नवे उभे करू पाहणाऱ्या प्रत्येक लहान माणसाला तो लागू पडतो.

लोंबीतला फरक

गोष्ट १९८३ ची. त्या वेळी या पट्ट्यात 'पटेल-३' हे धान लोकप्रिय होते. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयातील डॉ. जे. पी. पटेल यांनी ते विकसित केले होते. दादाजींच्या बांधीतही तेच उभे होते. पीक पाहत फिरताना त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग निराळा, दाणा बारीक. बहुतेक शेतकरी अशी लोंबी बाकीच्या पिकासोबत कापतात आणि मळणीत ती मिसळून जाते. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात त्यांचे दाणे स्वतंत्र पेरले.

यामागचे शास्त्र सोपे आहे. धान हे मुख्यतः स्वपरागसिंचित पीक. फुलातील परागकण त्याच फुलावर पडतात, म्हणून एका लोंबीचे दाणे बहुधा मूळ झाडासारखेच निपजतात. क्वचित एखाद्या झाडात नैसर्गिक बदल होतो किंवा अपघाताने संकर घडतो, आणि शेतात एखादे निराळे झाड उभे राहते. असे झाड ओळखणे ही पहिली पायरी. त्याचा वेगळेपणा पुढच्या पिढ्यांत टिकतो का हे पाहणे, भेसळ दिसेल ती झाडे उपटणे आणि चांगल्या लोंब्यांचेच बी पुढे नेणे ही दुसरी. कृषिशास्त्रात याला निवड पद्धत म्हणतात. प्रयोगशाळेवाचूनही ती साधते. तिला लागते ती तीक्ष्ण नजर, नोंद ठेवणारी स्मृती आणि विलक्षण चिकाटी.

चिकाटी अशासाठी की खरिपातील धान वर्षातून एकदाच होते. पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, लोंबी भरेपर्यंत वाट पाहायची. चूक झाली तर ती सुधारायला पुढचा पावसाळा यावा लागतो. कारखान्यात फसलेला नमुना आठवड्याभरात पुन्हा करून पाहता येतो. धानाच्या प्रयोगात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वर्षाने मिळते. त्यातच हा जंगलपट्टा, रानडुकरांचा उपद्रव मोठा. मूठभर बियाण्याचा तो तुकडा वाचवण्यासाठी दादाजींनी भोवती काटेरी झुडपांचे कुंपण घातले. ज्याचे पोट दीड एकरावर चालते, त्याने त्यातला कोपरा वर्षानुवर्षे प्रयोगासाठी अडकवून ठेवायचा, हीच त्यांची भांडवली गुंतवणूक होती.

बाजाराने ठेवलेले नाव

पाच-सहा वर्षांत पुरेसे बियाणे तयार झाले. गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने ते आपल्या शेतात लावले आणि पीक उत्तम आले. तांदूळ बारीक, शिजल्यावर चवीला सरस, आणि भरडल्यावर धानाच्या मानाने तांदळाचा उतारा चांगला. हा शेवटचा गुण गिरणीवाल्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. १९९० मध्ये हे धान तळोधीच्या बाजारात आले. वाणाला नाव नव्हते. नाव नसलेला माल व्यापारात चालत नाही, म्हणून खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यानेच ते ठेवले, एचएमटी.

त्या काळी हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीचे मनगटी घड्याळ प्रतिष्ठेची वस्तू होते. लग्नात जावयाला द्यायचे ते एचएमटी, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घ्यायचे ते एचएमटी. खात्रीचा माल, हा अर्थ त्या तीन अक्षरांत आपोआप येत होता. व्यापाऱ्याची सूझ अचूक ठरली. शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे बियाणे हातोहात गेले आणि विदर्भाबरोबरच शेजारच्या राज्यांतही हे धान पसरले.

पण याच ठिकाणी उद्योगाची पहिली दोरी दादाजींच्या हातून सुटली. वाण त्यांचे, नाव मात्र परक्याचे. ते त्यांच्या मालकीचे नव्हते आणि ते ठेवणाऱ्या व्यापाऱ्याच्याही नव्हते. गिऱ्हाइकाची निष्ठा त्या तीन अक्षरांवर जडली. ती अक्षरे कोणीही पोत्यावर छापू शकत होता. पुढे कंपनीच्या घड्याळांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले, तरी तांदळाचे नाव चालूच राहिले.

स्वस्थ न बसणारा माणूस

एक वाण एवढे गाजल्यावर दुसरा कोणी त्यावरच समाधान मानून बसला असता. दादाजींना ते जमले नाही. शेतात वेगळी लोंबी शोधण्याचा छंद त्यांना सुटला नाही. विजय नांदेड, नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नूर, काटे एचएमटी, दीपक रत्न, डीआरके आणि डीआरके सुगंधी ही त्यांची पुढची वाणे. ही नावे नुसती वाचली तरी एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या वाणाला बाजाराने नाव दिले. नंतरच्या अनेक वाणांवर गावाची मोहोर आहे, आणि 'डीआरके' तर दादाजी रामाजी खोब्रागडे या नावाचीच इंग्रजी आद्याक्षरे.

या काळात घरची स्थिती सुधारली नव्हती. मुलाच्या आजारपणात जमीन विकावी लागली, तेव्हा नातेवाइकांच्या शेतातील तुकड्यावर त्यांनी प्रयोग चालू ठेवले. प्रत्येक नवे वाण हा त्यांच्यापुरता नवा धंदाच होता. जागा गुंतवायची, तीन-चार हंगाम परतावा नाही, आणि वाण तयार झाले की बियाणे गावोगाव जाणार. फरक इतकाच की धंद्यात यश आल्यावर मालकाची पेढी वाढते. येथे यश आल्यावर वाण वाढत होते आणि मालक होता तेथेच राहत होता.

विद्यापीठाचा शिक्का

१९९४ च्या सुमारास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने प्रयोगासाठी या वाणाचे बियाणे नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाचे 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित झाले. आपल्याच वाणावर दुसऱ्याचे नाव लागले, ही दादाजींची व्यथा होती. मूळ वाणात भेसळ होती, शुद्ध वंशाची निवड करून ते सुधारले, अशी विद्यापीठाची बाजू.

या वादाकडे व्यवस्थेच्या अंगाने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार प्रमाणित बियाणे म्हणून विकायचे असेल, तर वाण आधी अधिसूचित व्हावे लागते. त्यासाठी निरनिराळ्या ठिकाणच्या चाचण्या, तुलनात्मक नोंदी आणि शास्त्रीय वर्णन लागते. मग पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे आणि प्रमाणित बियाणे अशी साखळी चालते. हे सारे विद्यापीठे, महामंडळे आणि कंपन्या यांच्या आवाक्यातले. तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याला त्या साखळीत स्वतःच्या नावाने शिरण्याची वाट त्या काळी जवळजवळ नव्हतीच. वाण सिद्ध करणे त्याला साधले होते. ते कागदावर सिद्ध करणे साधणारे नव्हते.

फ्रीज विकता येतो, बियाणे हातचे जाते

'फोर्ब्स'च्या त्याच यादीत गुजरातचे मनसुखभाई प्रजापती आणि तेलंगणचे चिंतकिंदी मल्लेशम हेही होते. प्रजापतींनी विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज बनवला. मल्लेशम यांनी पोचमपल्ली साडीच्या विणकामाआधी सूत मांडण्याचे कष्टाचे काम करणारे यंत्र तयार केले. आईचे दुखणारे खांदे पाहून त्यांना ते सुचले होते. दोघेही दादाजींसारखेच अल्पशिक्षित आणि स्वयंशिक्षित. पण दोघांच्या मालाचा एक गुण निराळा आहे. फ्रीज हवा असेल तर तो बनवणाऱ्याकडून विकत घ्यावा लागतो. यंत्राचेही तसेच, शिवाय यंत्राला पेटंट मिळू शकते.

बियाण्याचे तसे नाही. धानाचे बी एकदा विकले की घेणारा पुढच्या वर्षी स्वतःच त्याचे बियाणे करतो आणि शेजाऱ्यालाही देतो. संकरित वाणांत ही सोय नसते. त्यांचे बी पुढच्या पिढीत बिघडते, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी कंपनीच्या दारात जावे लागते. बियाणे कंपन्यांचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात यावर उभे आहे. दादाजींचे वाण मात्र सरळ होते, पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरणारे. ज्या गुणामुळे ते गरीब शेतकऱ्याला परवडले, त्याच गुणामुळे त्याच्या जनकाच्या हाती काही उरले नाही. भारतीय पेटंट कायद्यात वनस्पती, बियाणे आणि वाणे यांना पेटंट मिळत नाही, आणि बियाण्याच्या बाबतीत ते योग्यही आहे. परंतु त्याची जागा घेणारे दुसरे संरक्षण १९९० मध्ये अस्तित्वात नव्हते.

कायदा आला, पण उशिरा

ते संरक्षण आले वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ या रूपाने. त्याखालील प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झाले. जगातील अनेक देशांचे असे कायदे केवळ पैदासकाराचा विचार करतात. भारतीय कायद्याने शेतकऱ्यालाही पैदासकार मानले. शेतकऱ्याने विकसित केलेले वाण त्याच्या नावाने नोंदवता येते, त्यासाठी त्याला शुल्क पडत नाही आणि धानासारख्या पिकात हे संरक्षण १५ वर्षांपर्यंत मिळते. त्याच वेळी इतर शेतकऱ्यांचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्कही अबाधित राहतो. फक्त नोंदणीकृत वाणाचे बियाणे छापील नावानिशी, वेष्टनात घालून विकता येत नाही. म्हणजे शेजाऱ्याला पायलीभर बी देणारा शेतकरी आणि पिशव्या भरून व्यापार करणारी कंपनी यांच्यात कायद्याने रेघ ओढली. ती रेघ १९९० मध्ये असती, तर एचएमटीच्या व्यापारात दादाजींना निदान वाटा मागता आला असता.

सन्मान मात्र आले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची दखल घेतली आणि २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. राज्य सरकारनेही पुरस्कार दिला. शाली, मानपत्रे, छायाचित्रे यांनी घराची भिंत भरली. कोठार भरण्याची सोय त्यांतून झाली नाही. अखेरच्या वर्षांत अर्धांगवायूने त्यांना अंथरुणाला खिळवले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील 'सर्च' संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

दादाजींच्या आयुष्याकडे केवळ उपेक्षेची कहाणी म्हणून पाहणे अपुरे ठरेल. त्यातून एक व्यवहाराची गोष्टही शिकण्यासारखी आहे. नवी वस्तू घडवणे हा उद्योगाचा एक भाग. तिला स्वतःचे नाव देणे, तिच्या जन्माची नोंद ठेवणे आणि तिच्यावरचा हक्क कागदावर आणणे हे उरलेले तीन. पहिला भाग दादाजींनी नऊ वेळा पार पाडला. उरलेले तीन एकट्या माणसाच्या बळाबाहेरचे होते आणि तेथेच कृषी खाते, विद्यापीठ आणि सहकारी संस्था यांनी हात द्यायला हवा होता. आजही झाडीपट्टीच्या बांध्यांत, राजुऱ्याच्या कपाशीत वा डोंगरावरच्या कोलाम शेतकऱ्यांच्या ज्वारीत कोणाला तरी वेगळे कणीस दिसत असेल. ते कणीस वेगळे काढून ठेवणाऱ्याला नोंदणीचा अर्ज कोठे मिळतो, हे सांगणारे कोणी तालुक्याच्या गावी असावे. ते असेल तर पुढच्या वाणासोबत त्याचा धनीही चार पैसे पाहील.