डिचोलीचे न झालेले युद्ध
शोधनिबंधातील प्रत्येक उसन्या विधानाजवळ त्याचा स्रोत नोंदवावा लागतो. त्याच्या प्रमुख पद्धती दोन. हार्वर्ड पद्धतीत मजकुरात लेखकाचे आडनाव व वर्ष येते आणि शेवटची सूची आडनावांच्या वर्णक्रमाने लागते. व्हँकूव्हर पद्धतीत क्रमांक येतात आणि सूची त्याच क्रमाने चालते. लेखाच्या नोंदीत लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे आणि डीओआय हवेत. स्वल्पविराम कुठे, तिरपा टाइप कुठे, हे प्रत्येक नियतकालिक स्वतः ठरवते.

गोव्याबद्दलच्या सूचीत गावांची नावे अडवतात. पेडण्याचे रोमन लिपीत ‘पेर्नेम’ होते, डिचोलीचे ‘बिचोलिम’. ग्रंथाच्या शीर्षकात छापलेले रूपच नोंदीत ठेवावे. ते ‘सुधारले’ तर वाचकाला ग्रंथालयात पुस्तक सापडत नाही.

मात्र सुबक नोंद खरी असतेच असे नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण डिचोलीच्याच नावावर आहे. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर १६४०–४१ मधील पोर्तुगीज-मराठा ‘डिचोली संघर्षा’वर सविस्तर लेख आला. संदर्भ नीटनेटके होते, म्हणून त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. २०१२ मध्ये एका संपादकाने ते ग्रंथ प्रत्यक्ष शोधले, तेव्हा ते अस्तित्वातच नसल्याचे दिसले आणि लेख काढून टाकला गेला. १६४० साली शिवाजी महाराज जेमतेम दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य उभे राहायचे होते. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.