राजधानी तिथेच का?

2000 च्या आसपास बेंगळुरूच्या कॉल सेंटरांत रात्रपाळीला लागणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी उच्चारांबरोबर अमेरिकेचा नकाशाही घोटावा लागे. पन्नास राज्यं, त्यांच्या राजधान्या, दोन अक्षरी खुणा आणि वेगवेगळी घड्याळं. नुसत्या ‘एम’ची राज्यं आठ: एमआय म्हणजे मिशिगन, एमएन मिनेसोटा, एमएस मिसिसिपी, एमओ मिसुरी. शिवाय हिवाळ्यात इथे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, तर कॅलिफोर्नियात जेमतेम सहा.

राजधान्यांपाशी आलं की भलेभले बुचकळ्यात पडतात. न्यूयॉर्क राज्याची राजधानी न्यूयॉर्क शहर नाही, ऑल्बनी आहे. कॅलिफोर्नियाची सॅक्रामेंटो, इलिनॉयची स्प्रिंगफील्ड. सर्वांत मोठं शहर हीच राजधानी, असं जेमतेम एक तृतीयांश राज्यांत आढळतं. व्हरमाँटच्या माँटपेलिअरची वस्ती आठ हजारांच्या घरात; आपल्याकडे एवढ्या गावाला ग्रामपंचायत असते! अलास्काच्या जुनोला तर बाहेरून रस्ताच नाही. तिथे जायचं ते विमानाने किंवा बोटीने.

असं का? ही गावं ठरली तेव्हा बऱ्याच ठिकाणी रेल्वे नव्हती. प्रतिनिधी घोड्यावरून येत, म्हणून राजधानी शक्यतो मधोमध हवी. शेतीवाल्या भागांना बंदरातल्या धनाढ्यांचा भरवसाही नसे. पेनसिल्व्हेनियाने 1799 मध्ये फिलाडेल्फिया सोडलं आणि 1812 मध्ये हॅरिसबर्ग गाठलं.

फ्लोरिडाची कथा तर भन्नाट आहे. पश्चिमेला पेन्साकोला, पूर्वेला सेंट ऑगस्टिन. एकीकडून दुसरीकडे पोचायला आठवडेच्या आठवडे जात. 1823 मध्ये दोन्हीकडून एकेक माणूस निघाला, एक समुद्रमार्गे, दुसरा घोड्यावरून. वाटेत गाठ पडली, दोघांनी मिळून जागा हेरली आणि 1824 मध्ये तिथे टॅलाहासी ही राजधानी झाली. आजही पेन्साकोलाचं घड्याळ तिच्यापेक्षा एक तास मागे असतं.

हाच प्रश्न बेंगळुरूला विचारून पाहा. हे शहर कर्नाटकाच्या पार आग्नेय कोपऱ्यात, तामिळनाडूतलं होसूर इथून चाळीसेक किलोमीटरवर. सतराव्या शतकात इथे शहाजीराजांची जहागीर होती. म्हैसूरच्या वोडेयरांची गादी मात्र म्हैसूरला. 1831 मध्ये इंग्रजांनी संस्थानाचा कारभार हाती घेतला आणि त्यांची लष्करी छावणी असलेल्या बेंगळुरूला कचेऱ्या हलवल्या. पुढे 1881 मध्ये वोडेयरांना राज्य परत मिळालं, पण कारभार बेंगळुरूतच राहिला. 1956 मध्ये उत्तरेचा कन्नड मुलूख जोडला गेला, तशी राजधानी आणखीच कडेला पडली. बेळगावात 2012 मध्ये उभं राहिलेलं सुवर्ण विधानसौध हा त्या अंतरावरचा तोडगा आहे, आणि सीमाप्रश्नातली खेळीही.

आपलं नागपूरही याच पंक्तीतलं. तोवर इथे असलेली मध्य प्रदेशाची राजधानी 1956 मध्ये भोपाळला गेली. नागपूरच्या वाट्याला नागपूर करारानुसार विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन आलं.

तेव्हा मुलांकडून राजधान्या पाठ करून घेताना नकाशा समोर ठेवा आणि प्रत्येक नावाला ‘तिथेच का?’ हा प्रश्न जोडा. कारण कळलं की नाव सहसा विसरत नाही.