नागपुरात गारेगार करणारा कूलर मुंबईत घामच का काढतो? कमी खर्चात घर थंड ठेवायचं तर आधी हे वाचा

उन्हाळा लागला की एसी, कूलर आणि पंख्यांच्या ऑफर्सचा पाऊस पडतो. बजेट मोजकंच असेल तर नेमकं घ्यायचं काय? ते तुमच्या गावातल्या हवेवर ठरतं. नागपूर-अकोल्यात जो कूलर एसीचा खर्च वाचवतो, तोच मुंबई-रत्नागिरीत पैसे वाया घालवू शकतो.

कूलर काम कसा करतो?

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. कूलरचा पंखा बाहेरची गरम हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो, ताट्यांमधल्या पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. मात्र, हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त होते.

विदर्भात मे महिन्यातली दुपार धरा. तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. मुंबईत तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तोच कूलर जेमतेम चार अंशांचा फरक पाडतो. वर खोलीतला दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि जीव आणखी कासावीस होतो.

कूलर लावताना होणारी चूक

अनेक जण एसीसारखी दारं-खिडक्या बंद करून कूलर लावतात. मग ओली हवा खोलीतच कोंडते आणि थोड्या वेळाने कूलर निकामी वाटू लागतो. कूलर खिडकीत लावा, म्हणजे त्याला बाहेरची कोरडी हवा मिळेल. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा.

बिलाचा हिशेब

३० दिवसांचा साधारण वापर असा:

- साधा पंखा (७५ वॅट, रोज १२ तास): २७ युनिट
- बीएलडीसी पंखा (३० वॅट, रोज १२ तास): ११ युनिट
- कूलर (२०० वॅट, रोज १० तास): ६० युनिट
- दीड टनाचा एसी (१,५०० वॅट, रोज ८ तास, कॉम्प्रेसर सतत चालू): ३६० युनिट

खोली गार झाली की एसीचा कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येतो. तरीही महावितरणच्या घरगुती दरांमध्ये १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांना जास्त दर लागतो. एसी असेलच, तर तो २४ अंशांच्या खाली नेऊ नका. तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

किनारपट्टीवर कमी खर्चाचा पर्याय म्हणजे बीएलडीसी पंखा आणि समोरासमोर उघड्या खिडक्या. पंखा खोली गार करत नाही, तो अंगावरचा घाम वाळवतो. त्यामुळे खोलीत कोणी नसेल तर तो बंद करा.

जवळजवळ फुकटातले उपाय

- माठ: कूलरचंच तत्त्व, पण विजेविना. माठ वाऱ्याच्या जागी ठेवा. बाहेरून ऑइलपेंट लावलेला माठ घेऊ नका. रंगाने छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही.
- गच्ची: वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबला पांढरा चुना लावा. पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो.
- खिडक्या: ऊन आत येण्याआधीच बाहेरच्या बाजूने अडवा. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा बांबूचा पडदा जास्त उपयोगी. रात्री खिडक्या उघडून गार हवा आत घ्या.
- पन्हं, ताक, कोकम सरबत: घरी केलं तर स्वस्त पडतं, साखर-मीठही आपल्या हातात राहतं.

ही काळजी घ्याच

- कूलरमध्ये पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढा. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. ओल्या हाताने किंवा अनवाणी हात लावू नका.
- आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.
- खोलीचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका. इतकी गरम हवा अंगाला आणखी तापवते. ओल्या कापडाने अंग पुसा आणि शक्य असेल तर गार जागी जा.
- अंग खूप तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी घाला आणि वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नका.

घरात वृद्ध, तान्हं बाळ, गरोदर महिला किंवा हृदयाचा रुग्ण असेल, तर बचत दुसरीकडे करा. सगळ्यात गार खोली त्यांना द्या आणि दुपारी त्यांचा पंखा किंवा कूलर बिलाच्या धास्तीने बंद करू नका.